उन्हाची वाटी

एक होतं गाव. त्याला राजा नव्हता, कारण राजाला त्या गावाची वाटच सापडली नव्हती. दोन उंच कड्यांच्या मधे, पळीच्या बुडाशी तूप राहावं, तसं ते खाली राहिलेलं. नाव खोलगाव.

इतकं खोल, की तिथे ऊनसुद्धा दुपारचं यायचं. सूर्य डोक्यावर आला की उन्हाचा एक पट्टा खाली उतरायचा, अंगणं ओलांडायचा, आणि निघून जायचा. पण तेवढ्या उन्हात नाचणी पिकायची, कुरडया वाळायच्या, म्हातारी माणसं पाठ शेकून घ्यायची. गावाला काही कमी नव्हतं बरं का.

त्या गावात होती एक मुलगी. सोनकी. भाद्रपदात पठारावर पिवळी फुलं येतात ना, त्यांचं नाव. तिचे बाबा भांड्यांना कल्हई करायचे. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं तर ते कळकतं, म्हणून आतून कल्हई लागते. भट्टीवर भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं भराभर हात फिरवायचा. चर्र. धूर जातो, आणि काळ्या भांड्याच्या पोटात चांदणं पडलेलं असतं. बाबा बोळा फिरवायचे आणि सोनकी भाता मारायची. भाता म्हणजे कातड्याची पिशवी. दाबली की नळीतून वारा सुटतो आणि निखारे फुलतात.

सोनकीच्या हाताला काम असे आणि तोंडाला प्रश्न.

"बाबा, ऊन एवढं वरून पडतं, मग धप्पकन आवाज का नाही येत?"

"बाबा, ऊन तिकडून निघतं आणि इथे पोचतं, मग मधे ते कुठे असतं?"

"बाबा, वारा संपतो तिथे काय असतं?"

आई म्हणायची, "या पोरीच्या तोंडाला देवानं झाकणच दिलं नाही." पण बाबा हसून म्हणायचे, "मला नाही गं ठाऊक. तुला कळलं तर मलाही सांग." असे बाबा.

मग काय झालं, एका पावसाळ्यात बाबांना खोकला धरला. धूर सोसेना. भट्टी थंडावली. वर्षभर गावात कुणाच्या भांड्याला कल्हई नाही. तांबे काळे, पराती काळ्या, पातेली काळी.

आणि एका दुपारी ऊन आलंच नाही.

लोकांनी वर पाहिलं. वरच्या माथ्यावर, वरवाडीत, लख्ख ऊन. खाली सावली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नाचणी पिवळी पडली. कुरडयांना बुरशी धरली. म्हातारी माणसं कांबळं पांघरून बसली ती उठेचनात.

वरवाडीचे लोक कड्यावरून वाकून बघायचे. चंद्राक्का नावाची एक बाई होती तिथे, जिभेची तिखट. ती वरून ओरडायची, "काय गं खोलगावकरणींनो, उन्हानं वाट टाकली का तुमची? या की वर. आमची गुरं राखा, आमची शेणं काढा. ऊन फुकट देऊ."

ऐकून सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पण पोट काय ऐकतं? गुणाजी पाटलांनी गाव जमवलं आणि जड आवाजात सांगितलं, "येत्या पौर्णिमेला, दुपारचं जेवण झालं की, बैलांवर सामान लादायचं. गाव सोडायचं."

सोनकी विचार करू लागली. गाव सोडायचं म्हणजे खोलगाव हे नावच राहणार नाही. उद्या कुणी विचारलं, पोरी तू कुठली, तर काय सांगायचं?

तेवढ्यात आई उठली. "सोडायचं तर सोडू," ती म्हणाली. "पण ही काळी भांडी घेऊन मी वरवाडीत पाऊल टाकणार नाही. त्या चंद्राक्काला वाटेल, आम्ही असेच राहतो."

बायका एकदम म्हणाल्या, "खरं आहे बाई. जाऊ ते ताठ मानेनं जाऊ."

मग बाबांनी खोकल्यावर गूळ-सुंठ खाल्ली, तोंडाला फडकं बांधलं आणि भट्टी पेटवली. सोनकीनं भाता धरला. घराघरातून भांडी आली. चर्र, चर्र, चर्र. पौर्णिमेच्या सकाळी पाहावं तर सगळ्या गावाच्या अंगणात भांडी मांडलेली, तोंडं आभाळाकडे, पोटं लखलखीत. पण त्यात चमकायला ऊन कुठे होतं?

सोनकी आपल्या परातीत डोकावली. परातीत तिचं तोंड, आणि तोंडाच्या मागे वरचं आभाळाचं निळं फडकं. ती म्हणाली, "आई, मी सूर्यनारायणाला विचारून येते."

आईनं तिच्याकडे पाहिलं. नको म्हणाली नाही. तिच्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "दुपारपर्यंत भांडी गोणीत जाऊ देत नाही. त्यापुढे पाटील माझं ऐकायचे नाहीत."

"येते," म्हणाली सोनकी. परात पाठीला बांधली. भात्यात गावचा वारा काठोकाठ भरून घेतला, नळीला दोरी आवळली, आणि निघाली.

झोपलात की काय? हूं म्हणत राहा, आता ती वर चाललीय.

आधी ती कडा चढून वरवाडीत गेली. चंद्राक्का दारातच होती. "आलीस? शेणाची पाटी तिकडे आहे."

"मी पुढे चाललेय, अक्का," सोनकी म्हणाली. "सूर्याकडे."

"जाताना माझा निरोप सांग," म्हणून चंद्राक्का हसत सुटली. सोनकीनं नुसती मान डोलावली आणि कड्याच्या टोकावर गेली.

तिथे बसली होती एक घार. त्या काळी घारी मोठ्या असत आणि माणसांना पाठीवर घेत. सोनकीनं विचारलं, घार बस म्हणाली. मग गोल गोल गोल, वर वर वर. खोलगाव रेघेएवढं झालं, ढग पायाखाली गेले. आणि एका ठिकाणी घार थांबली.

"यापुढे मी नाही गं," ती धापा टाकत म्हणाली. "पंखाखाली दाबायला वारा नको का? इथून पुढे वाराच नाही."

"मग काय आहे?"

"काही नाही. नुसती मोकळी जागा."

एका प्रश्नाचं उत्तर मिळालं. पण आता पुढे कसं जायचं? मग सोनकीला डोहाची आठवण झाली. उन्हाळ्यात ती ओंडक्यावर बसून भाता घेऊन खेळायची. भात्याचा वारा मागे सुटला की ओंडका पुढे सरकायचा. तिनं मनाशी हिशोब केला. एक फुंकर जायला. एक फुंकर थांबायला. एक फुंकर परत यायला. भात्यात तेवढाच वारा होता.

तिनं गाल फुगवून तोंडात श्वास धरला, भात्याची नळी मागे केली आणि पहिली फुंकर सोडली. सुटली की मग ती. आणि थांबेचना. अडवायला तिथे काही नाहीच तर थांबेल कशी? एकदा ढकललं की ढकललं.

आणि गंमत ऐका. समोर सूर्य धगधगतोय आणि आजूबाजूचं आभाळ काळंकुट्ट, चुलीमागच्या भिंतीसारखं. सोनकी चक्रावली. एवढा उजेड गेला कुठे? तिनं पाठीची परात सोडून पुढे धरली मात्र, परात अशी झळकली की तिचे डोळे दिपले. म्हणजे उजेड तिच्या शेजारूनच धावत होता, नदीसारखा. पण तो ज्याच्या अंगावर पडतो, तिथेच दिसतो. कुणी पुढे हात केला नाही तर तो मुकाट्यानं निघून जातो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

चुलीजवळ शेकायला बसतो ना आपण, तेवढ्या अंतरावर सूर्य आला. सोनकीनं परात तोंडापुढे आडवी धरली, दुसरी फुंकर सोडली आणि थांबली. बाई बाई, केवढी ती भट्टी. बाबांच्या भट्टीच्या कितीपट म्हणून सांगू. ज्वाळा उसळतायत, फुटतायत, कोसळतायत. पण आवाज म्हणून नाही. सोनकीनं परातीवर टिचकी मारली, तर तिची टिचकीही तिला ऐकू येईना. आवाजाला वाट चालायला हवा लागते, आणि इथे हवा नाही. म्हणून उन्हाचा आवाज खाली येत नाही. तिसरं उत्तर.

पण मग सूर्याशी बोलणार कसं?

भात्यात एक फुंकर होती. परत जायची. ती ठेवली तर सोनकी घरी पोचेल, पण गावाचं म्हणणं इथे पोचणार नाही. ती सोडली तर म्हणणं पोचेल, आणि सोनकी इथेच.

तिला आठवल्या खाली गेलेल्या माना. तिनं भाता दाबला. खोलगावचा तो मूठभर वारा पसरला, त्याला नाचणीचा आणि शेणकुटांच्या धुराचा वास होता. त्या वाऱ्यात ती भरभर बोलली.

"सूर्यनारायणा, मी खोलगावची सोनकी. आमचं ऊन का बंद केलंत?"

सूर्य दचकला. "खोलगाव? कुठे आलं ते?"

सोनकीनं बोट दाखवलं, "तिथे, दोन कड्यांच्या मधल्या दरीत." लांब, मोहरीएवढी एक निळी टिकली होती. ती आपली पृथ्वी. त्यात खोलगाव कुठून दिसणार?

"पोरी," सूर्य म्हणाला, "मी सगळीकडे ऊन पाठवतो. पण परत काही येत नाही. त्या दरीतून मात्र रोज दुपारी एक ठिपका चमकायचा. मला बरं वाटायचं, कुणीतरी आहे तिथे. वर्ष झालं, तो दिसेना. म्हटलं, गाव उठलं असेल. मग कुणासाठी पाठवू?"

सोनकीला लख्ख कळलं. वर्ष झालं. बाबांचा खोकला. काळी भांडी.

"गाव आहे," ती मान वर करून म्हणाली. "आणि आमच्यात शेजारणीची वाटी कधी रिकामी परत जात नाही. चिमूटभर साखर तरी घालून देतात. तुम्ही एकदा ऊन पाठवून बघा. परत नाही आलं तर मला विचारा."

सूर्यानं एक किरण सोडला. सोनकीनं घाईघाईनं गालांत श्वास भरून घेतला, आणि ती मूठभर हवा विरून गेली.

सूर्याकडून आपल्याकडे यायला उजेडाला किती वेळ लागतो सांगू? बाईनं तीन भाकऱ्या थापून भाजाव्यात, तेवढा. सोनकी गाल फुगवून मनात भाकऱ्या थापू लागली. एक झाली. दोन झाल्या. तीन झाल्या. आता किरण पोचला असेल. दुपार झाली असेल. भांडी गोणीत गेली असतील का? आता परतीच्या. एक. दोन.

तिसरी भाकरी तव्यावरून उतरली, आणि त्या निळ्या टिकलीवर एक पांढरा ठिपका चमकला.

मग त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. मग सगळं गाव. वाटी वाटी, परात परात, सगळं खोलगाव ऊन परत पाठवत होतं. सोनकीला ओरडून सांगावंसं वाटलं, तो पहिला आमच्या अंगणातला, माझ्या आईचा हंडा. पण तोंड उघडता येत नव्हतं. ती नुसती ताठ उभी राहिली. सूर्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि सूर्य हसला की काय होतं माहितीय? उजेड जरा वाढतो.

त्यानं तिच्या परातीकडे बोट केलं. उजेड हलका असतो बरं का, फुलपाखराच्या फुंकरीएवढा. पण तो ढकलतो, आणि ढकलतच राहतो. सोनकीनं परात शिडासारखी पाठीमागे धरली आणि निघाली घरी. घारीनं तिला झेललं, तेव्हा खाली दिवेलागण झाली होती.

गाव उठलं नव्हतं. गोण्यांची तोंडं उघडीच होती. दुपारी काय झालं, ते बाबांनी सांगितलं. पाटील गोणी धरून उभे राहिले, तर आई म्हणाली, "पाटील, शिदोरीच्या तीनच भाकऱ्या राहिल्यात, तेवढ्या होऊ द्या." पाटील थांबले. आईनं इतक्या सावकाश भाकऱ्या आजवर कधी थापल्या नव्हत्या. आणि तिसरी तव्यावर असताना तिच्या हंड्यात ऊन पडलं. आई वर बघत राहिली. भाकरी करपली.

ती करपलेली भाकरी सोनकीनं दुधात कुस्करून खाल्ली. तशी गोड भाकरी तिनं परत कधी खाल्ली नाही.

थोड्या दिवसांनी चंद्राक्का कडा उतरून खाली आली. डोक्यावर काळ्या भांड्यांची पाटी. म्हणाली, "काय गं सोनके, माझा निरोप सांगितलास का सूर्याला?"

"विसरले, अक्का," सोनकी म्हणाली. "भांडी घासून आणलीत ना? मग बसा. गूळपाणी घ्या." आणि भात्याला हात घातला.

त्या दिवसापासून खोलगावात दुपारी घरटी एक भांडं अंगणात ठेवतात, तोंड आभाळाकडे करून. कुणी विचारलं, पोरी तू कुठली, तर सोनकी म्हणायची, "खोलगावची. सूर्याला विचारा, त्याला ठाऊक आहे." तिन्ही उत्तरं तिनं बाबांना सांगितली. ऐकून बाबा डोळे पुसून म्हणाले, "डोळ्यांत धूर गेला." भट्टी तर विझलेली होती. आणि तोवर सोनकीला चौथा प्रश्न पडला होता. सूर्याच्याही पलीकडे कोण राहतं?

त्याचं उत्तर मला नाही ठाऊक. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

खोलगावची माणसं उन्हात सुखानं राहिली. आता मिटा डोळे. उद्याचं ऊन अजून तिकडून निघायचंय. आपली खिडकी उजळायच्या आधी, तीन भाकऱ्या होतात तेवढ्या आधी, ते तिथून निघेल. तुम्ही गाढ झोपलेले असाल. पण उठल्यावर जरा तोंड वर करून हसा. वाटी रिकामी पाठवायची नाही.