खडकुंब्याचे कशावरून आबा

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे खडकुंब्याला अजून सडक आली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. मी ती सासूबाईंकडून ऐकली, त्यांनी त्यांच्या सासूकडून. मधे थोडी सांडली असेल, थोडी माझ्या हातूनही सांडेल. सांभाळून घ्या.

तर खडकुंब्यात एक परपेसर होते. प्रोफेसर म्हणायला गावाची जीभ वळेना, म्हणून परपेसर आबा. शहरातल्या कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून, केस पिकल्यावर ते गावी परतले. बायको-मुलं नव्हती. सोबत एक पत्र्याची पेटी, काही काचेच्या नळ्या आणि एक शब्द. "कशावरून?"

पाऊस लांबणार म्हटलं, की आबा विचारत, "कशावरून?" अमक्याची सून चोरटी आहे म्हटलं, की "कशावरून?" रागावून नाही हं, गुळाचा खडा मागावा इतक्या गोड आवाजात. ऐकणारा आधी चिडे, मग विचारात पडे, मग गुपचूप घरी जाऊन नीट बघून येई. आबा वाटेत दिसले की कोंबडासुद्धा आरवायच्या आधी सूर्य कुठे आलाय ते बघून घ्यायचा, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात लेकरांना ढाळ-वांत्या सुरू झाल्या. दोन लेकरं गेली. गावात ठकू नावाची सुईण होती, म्हातारी, एकटी. गाव म्हणालं, ठकूची नजर आहे. माणसं काठ्या घेऊन तिच्या दाराशी गेली. उंबऱ्यावर आबा बसलेले.

"कशावरून?"

"हिनंच त्या दोघांना हात लावला होता, आबा!"

"तुम्हा सगळ्यांना पहिला हात हिनंच लावलाय. मग तुम्ही कसे उरलात?"

काठ्या खाली आल्या. आबा उठून विहिरीवर गेले, वाकून त्यांनी पाण्यालाही तेच विचारलं, आणि पाणी लाजून जांभळं झालं, असं म्हणतात. (औषध टाकलं असणार. पण सासूबाईंपुढे मी हे बोलत नाही.) मग त्यांनी घरोघरी पाणी उकळायला लावलं आणि साथ ओसरली.

पण गावानं भलतीच समजूत करून घेतली. 'कशावरून' हा मंत्रच आहे, आणि त्यानं आबांनी ठकूची नजर बांधून ठेवलीय! तेव्हापासून ठकूला कुणी वाकडं बोललं नाही, पण कुणी तिच्या हाती बाळही दिलं नाही. बाळंतपणाला पलीकडच्या गावाहून सुईण येऊ लागली.

तीन वर्षांनी, चैत्रात, चष्मा पुसता पुसता आबा गेले. गाव पोरकं झालं. त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटली नाही. चितेचा धूर वर जाऊन प्रश्नचिन्हासारखा वळला, असं म्हणतात. तेव्हा गावात प्रश्नचिन्ह ओळखणारे कितीसे होते, ते मला विचारू नका.

रडून झालं आणि भीती आली. मंत्र गेला, आता ठकूची नजर मोकळी. ठरलं, की दहावा झाला की तिला शिवेबाहेर घालवायचं. सगळ्यांत जास्त हट्ट मथूचा होता. साथीत गेलेल्या दोघांतलं एक लेकरू मथूचं. आता दुसरं दोन महिन्यांचं झालं होतं, आणि त्याच्या गालांना, तळपायांना ती काजळाचे ठिपके लावून ठेवी.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले. एकही उतरेना. आबांचा पुतण्या हात जोडून म्हणाला, "आबा, तुमची पुस्तकं जपीन." कावळे गप्प. "विहीर साफ ठेवू." गप्प. ऊन डोक्यावर आलं. ठकू लांब एका दगडावर एकटी बसली होती. शेवटी तिच्याकडे न बघताच पाटील खाकरले, "बरं, ठकूला घालवणार नाही. झालं?"

एका कावळ्यानं मान तिरकी केली. थेट आबांसारखी.

"अहो, परपेसर आहेत ते," गोदामावशी म्हणाल्या. "नुसत्या बोलण्यावर उतरायचे नाहीत. कशावरून, म्हणतायत!"

सगळे वाळूकडे बघत राहिले.

मथूच्या कानाशी मात्र तो गोड आवाज आला, असं म्हणतात. ठकूच्या नजरेनं तुझं बाळ गेलं, पोरी? कशावरून? विहिरीचं पाणी बोंडल्यानं मथूनं स्वतःच पाजलं होतं बाळाला, थेंब थेंब, शेवटपर्यंत. तीन वर्षं तिला हे ठाऊक होतं. ठकूची नजर होती, म्हणून ते सोसवत होतं.

मथू उठली. तापल्या वाळूतून चालत गेली. एकेक पाऊल ती इतकं जपून टाकत होती, की नदी तेवढा वेळ वाहायची थांबली, असं म्हणतात. पदराखालचं बाळ काढून तिनं ठकूच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, मान धर, मान!" ठकू खेकसली. "असं ठेवतात होय लेकराला?" आणि मग तिला हुंदका आवरेना.

मागे पंखांची फडफड झाली. पिंडाला कावळा शिवला.

आजही खडकुंब्यात आबांच्या दहाव्याच्या तिथीला, वर्षभरात जिला मूल झालं ती आई त्या दगडाशी जाते. दगडावर गावातली एखादी बाई बसते, जिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही अशी. आई म्हणते, "तुम्ही आमच्याच." बाई विचारते, "कशावरून?" याला उत्तर द्यायचं नसतं. बाळ द्यायचं असतं.

यंदा मी गेले. पर्समध्ये थर्मामीटर, डोक्यात सतरा शंका. दगडावर मंजुळाकाकू होत्या. त्यांनी विचारलं, आणि मी जरा जास्तच वेळ घेतला, हे खरं. त्यांनी घाई केली नाही. मग मी लेक त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मान धर गं, मान," काकू म्हणाल्या. तेही म्हणायची रीत आहे.

साठा उत्तरांच्या कहाण्या पुष्कळ. आबांची कहाणी एका प्रश्नाची. ती या मांडीवरून त्या मांडीवर जात सुफळ संपूर्ण.