क्यूबचं वजन

एकदा एका कर्करोग रुग्णालयात कोबाल्टच्या यंत्रासाठी खोली बांधायची ठरली. त्या यंत्रातून गॅमा किरण निघतात. ते रोग्याच्या गाठीवर पडावेत आणि भिंतीपलीकडे कुणालाही बाधू नयेत, एवढीच त्या खोलीकडून अपेक्षा. काम सोपवलं होतं धुंडिराज आपटे या वयोवृद्ध स्थापत्यकारांकडे. हाताखाली त्यांचा शिष्य सुधन्वा.

सुधन्वा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. राखेपासून केलेली हलकी खडी घेऊन, दोन महिने खपून, त्याने काँक्रीटचं नवं मिश्रण सिद्ध केलं होतं. त्याचा नमुन्याचा क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळा, दाबयंत्रात घातला, तर अपेक्षेच्या दीडपट भार सोसून मगच फुटला. स्वारी खूश! दुसऱ्या दिवशी भिंत ओतायची होती. आता फक्त सरांनी मान डोलवायची.

सर आले. दाबयंत्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातला वजनकाटा ओढून त्यावर दुसरा क्यूब ठेवला. आकडा आला सहा किलो तीनशे.

"हे मिश्रण नको," ते म्हणाले.

सुधन्वाचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो सर, यावर हत्ती उभा करा! आणि तुम्ही वाण्यासारखं वजन काय करताय?"

नेमक्या त्याच वेळी, यंत्र चालवणाऱ्या यास्मिनताई जागा बघायला आल्या होत्या. त्या संकोचून म्हणाल्या, "साहेब, माझी खुर्ची या भिंतीला लागूनच ना? निवृत्तीला अजून अठरा वर्षं आहेत, म्हणून आपलं विचारते."

सर शांतपणे सुधन्वाला म्हणाले, "हत्ती भिंतीवर भार टाकतो, बाळा. किरण भार टाकत नाही, तो आत शिरून आरपार निसटू बघतो. वाटेत जितकं द्रव्य भेटेल तितका तो अडखळतो. म्हणून शिसं थोडं पुरतं, काँक्रीट जाड लागतं, विटा त्याहून जाड. साध्या काळ्या दगडाच्या खडीचा एवढाच क्यूब आठ किलोंच्या वर भरतो. त्यात दर चार बोटांना किरण निम्मे होतात. तुझ्या मिश्रणात त्यालाच पाच बोटं लागतील, आणि इथं भिंत जाड करायला जागा नाही. तू केलंस ते उत्तमच आहे रे, पण ते साध्या इमारतीच्या छतासाठी."

सुधन्वाला फार वाईट वाटलं. दोन महिने का थोडे असतात! पण यास्मिनताई अजून तिथंच उभ्या होत्या. त्याने मुकाट्याने फोन काढला आणि काळ्या खडीच्या गाड्या मागवल्या.

भिंत उभी राहिली. यंत्र बसवून किरणमापकाने भिंतीबाहेरची मोजणी झाली. आकडा मर्यादेच्या पुष्कळ आत आला. पहिल्या रोग्याच्या दिवशी सुधन्वा मुद्दाम हजर राहिला. यास्मिनताईंनी बटण दाबलं आणि त्या पडद्यावर आतल्या म्हातारीकडे बघत बसल्या, "हलू नका हं आजी, झालंच," म्हणत. पाठीमागच्या भिंतीची त्यांना आठवणही नव्हती.

आपल्या कामाची कुणी दखलच घेतली नाही, याचा आनंद सुधन्वाला आयुष्यात प्रथमच झाला.