मोजून बारा सेकंद

"म्हणजे बाई, त्या दिवशी तुम्ही... विसरला होतात?"

शर्वरीनं हे विचारलं आणि आम्ही सोळाच्या सोळा जण बाईंकडे बघायला लागलो.

केळुसकर बाई खुर्चीत बसून पदरानं चष्मा पुसत होत्या. वय त्र्याहत्तर, त्यातली पन्नास वर्षं रंगभूमीवर गेलेली. दर शनिवारी शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गात त्या आम्हाला नाटक शिकवायच्या.

"हो," बाई म्हणाल्या. "साफ विसरले होते."

झालं होतं ते असं. आदल्या आठवड्यात बाईंनी आम्हाला गावातल्या नाट्यगृहात स्वतःचंच नाटक दाखवलं होतं आणि त्याचं परीक्षण लिहून आणायला सांगितलं होतं. नाटकात त्या आई झाल्या होत्या. सतरा वर्षांपूर्वी घरातून पळालेला मुलगा दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो, "ओळखलंस?" आई बघत राहते... बघतच राहते. मग म्हणते, "दार लाव. मांजर येईल."

सगळं नाट्यगृह मुसमुसत होतं. माझ्या शेजारचे काका शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते.

शर्वरी लोटलीकर ही आमच्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. चार वर्षांत एकदाही संवाद विसरली नव्हती, आणि हे ती रोज कोणाला तरी ऐकवायची. आम्ही दीड पानावर हात टेकले, तिचं परीक्षण सात पानी. त्यात लिहिलं होतं, 'हा विराम म्हणजे अभिनयाचा कळस. मी घड्याळ बघून मोजला. बरोबर बारा सेकंद.'

येत्या रविवारी बालनाट्य स्पर्धेत आम्ही तोच प्रवेश करणार होतो. आईचं काम कोणाला, ते आज ठरायचं होतं. पुढच्या वर्षी शर्वरीची दहावी, म्हणजे घरच्यांच्या हुकमानं नाटक बंद. तिला हे काम हवंच होतं.

तिनं सगळं बाईंसारखं केलं. तशीच मान, तसाच कमरेवर हात. मोजून बारा सेकंद थांबली. नवव्या सेकंदाला मागून कोणीतरी शिंकलं. आणि ती "दार लाव. मांजर येईल," म्हणाली तेव्हा वर्ग खो खो हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते पडताना बघायला मजा येते.

शर्वरी लालबुंद झाली. प्रॉम्प्टिंगला मी होतो. बाईंनी आजच माझ्या हातात दिलेली संहितेची वही तिनं ओढून घेतली आणि तो प्रवेश काढला. तिथे आईचं आठ ओळींचं भाषण होतं. विराम नव्हता. मांजरही नव्हतं.

म्हणून तिनं तो प्रश्न विचारला होता.

"मग त्या बारा सेकंदांत तुम्ही काय केलंत?"

"घाबरले."

"तसं नाही बाई. अभिनय काय केलात?"

"काही नाही. त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, याच्या तोंडावर तरी माझं वाक्य सापडतंय का..."

"आणि मांजर?"

"आमच्याकडे आहे ना एक. मेलं सारखं आत घुसतं."

या वेळी कोणी हसलं नाही. शर्वरीचा चेहरा उतरला होता. सात पानं पाण्यात गेली होती, पण तेवढंच नव्हतं. पन्नास वर्षं काम केलेल्या बाई विसरतात, तर आपणही विसरू शकतो, ही भीती पहिल्यांदाच तिच्या मनात शिरली होती. मला ती समोर दिसत होती.

"पुन्हा करते," ती हट्टानं म्हणाली.

"कर. मुलगा मी होते."

बाई उठल्या. शर्वरीच्या हातातली वही त्यांनी काढून घेतली, कपाटात ठेवली आणि कडी लावली. मग वर्गाबाहेर गेल्या आणि वळून दारात येऊन उभ्या राहिल्या.

आता त्यांनी 'ओळखलंस?' म्हणायचं होतं.

त्या काही बोलल्या नाहीत.

शर्वरी थांबली. आम्हीही थांबलो... बाईंनी फळ्याकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. डोळे अगदी रिकामे होते.

मला एकदम आठवलं. गेल्या शनिवारी बाईंनी मला दोनदा 'वसंता' अशी हाक मारली होती. हा वसंता कोण, देव जाणे. जाताना जिना कुठे आहे हेही त्यांनी मला विचारलं होतं, आणि त्याच जिन्यानं त्या चार वर्षं येत होत्या. मी हे कोणाकडे बोललो नव्हतो.

"ओळखलंस..." मी हळूच वाक्य पुरवलं.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल...

"हे कोणाचं घर?" बाईंनी विचारलं.

आवाज अगदी बारीक होता. हे वाक्य संहितेत कुठेही नव्हतं.



"हेडसरांना बोलावू का?" मागून कोणीतरी कुजबुजलं. पण उठलं कोणी नाही. दारातच बाई उभ्या होत्या.

शर्वरी मागे वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वही कपाटात होती.

मग ती बाईंकडे बघायला लागली. कमरेवरचा हात कधीच खाली आला होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, आमच्यातल्या कोणालाच येणार नाही.

ती पुढे झाली. तिनं बाईंचा हात धरला.

"आधी बसा..." ती म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "बस. उन्हातून आलायस. घर कोणाचं ते नंतर बघू."

खिडकीजवळची मुक्ता रडायला लागली.

शर्वरीनं बाईंना खुर्चीपर्यंत आणलं. बाई बसल्या, घोटभर पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"पात्रांची यादी घे रे. आईच्या पुढे शर्वरीचं नाव लिही."

आमच्या जिवात जीव आला. शर्वरीच्या मात्र आला नाही.

"नको बाई." तिला हुंदका फुटला. "मला नको ते काम. मला भीती वाटते. रविवारी मला काहीच आठवलं नाही तर..."

"पेनानं लिही," बाई मला म्हणाल्या.

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

शर्वरी खुर्चीपाशी खाली बसली. बाईंचा हात तिनं अजून सोडला नव्हता.

"बाई, एकच सांगा. आत्ता दारात तुम्ही मुलाचं काम करत होतात... की खरंच..."

पुढचं तिला बोलवेना.

बाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं.

"हात धरलास, तेव्हा नाही विचारलंस."