गाडीखाली कोणी आहे का?

एका शहराबाहेरच्या माळावर जुन्या आगगाड्यांचं उघडं संग्रहालय होतं. बहुतेक इंजिनं नुसती उभी असत, पण एक म्हातारं इंजिन दर रविवारी वाफ भरून थोडं चालवून दाखवत.

मसाल्यांचे व्यापारी त्र्यंबकशेठ एका रविवारी आपल्या व्याह्यांना, दामोदरपंतांना, ते दाखवायला घेऊन आले. बरोबर शेठची कुत्री ठमी होती. शेठ जेवल्याशिवाय ती तोंडात घास घेत नसे, इतका दोघांचा एकमेकांवर जीव. दारावरच्या रखवालदाराने बजावलं, की साखळी हातातून सोडायची नाही. शेठनी मान डोलावली आणि आत शिरताच साखळी काढून खिशात टाकली. व्याह्यांनी टोकलं, तर म्हणाले, "साखळी दुसऱ्यांच्या कुत्र्यांना. आमची ठमी डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालते." व्याह्यांपुढे मिशीला पीळ देण्याची संधी कोण सोडतो?

ऊन चढलं, तशी ठमी सावली शोधत थेट त्या इंजिनाखाली शिरली. तेवढ्यात वाफ फुसफुसली. बिचारी घाबरून मागच्या चाकाला चिकटली. हे शेठखेरीज कोणीच पाहिलं नाही. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, हळूच चुटकी वाजवली. ठमी हलेना. मोठ्याने हाक मारावी, तर शेजारी व्याही उभे.

इंजिन हलवण्यापूर्वी विचारायची तिथे रीत होती. भिकाजी ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून दोनदा हाक देई आणि जमलेली माणसं उत्तर देत.

"गाडीखाली कोणी आहे का?"

"कोणी नाही," सगळे एका सुरात म्हणाले. त्या सुरात शेठचाही आवाज होता. तो त्यांच्या स्वतःच्या कानावर पडला. आपल्याच तोंडाने आपण ठमीला नाही म्हटलं होतं.

भिकाजीने हँडलवर हात ठेवला. चाकांपाशी वाफेचा लोट उठला आणि त्यात ठमी दिसेनाशी झाली.

"गाडीखाली कोणी आहे का?"

लोकांनी उत्तराला तोंड उघडलं. शेठ त्यांना लोटत रुळाशी धावले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. "आहे. माझी कुत्री आहे. मीच सोडली तिला."

हँडलवरचा हात निघाला. शेठ पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी रुळावर आडवे झाले आणि त्यांनी ठमीला ओढून बाहेर काढलं. लोक हसले. रखवालदाराला बोलायचं ते सगळं तो बोलला. व्याहीही मिशीत हसले असतील, पण शेठचं तिकडे लक्षच नव्हतं. ते भिकाजीला विचारत होते, "मी आत्ताही खरं सांगितलं नसतं तर?"

"तिसऱ्यांदा विचारायची आमच्यात रीत नाही, शेठ," भिकाजी म्हणाला.

तात्पर्य: आपली लाज राखायला आपण गप्प बसतो, पण त्याची शिक्षा आपल्या भरवशावर असलेल्या जिवाला होते, म्हणून चूक कबूल करायची ती पहिल्या हाकेलाच.