पुढच्या टायरची हवा

सायकलींना अजून वाचा होती, तेव्हाची गोष्ट. सायकली दुरुस्त करणाऱ्या द्वारकाने जुन्या फ्रेमला रुंद टायर आणि दणकट ब्रेक जोडून एक सायकल उभी केली. डांबरावर पळेल आणि खडी-मुरमावरही चालेल अशी! पुढचा टायर तर टणक फुगून डांबरावर गातच सुटला.

डांबर संपलं, तशी द्वारका उतरली आणि तिने मागच्या टायरची थोडी हवा सोडली. फुस्स! पुढच्याच्या काळजात धस्स झालं.

“अगं, अगं!” तो किंचाळला. “ज्या हातांनी भरलीस, त्याच हातांनी काढतेस?”

“खडीवर जरा मऊ व्हावं लागतं, बाबा.”

“मी नाही होणार! हात लावून तर बघ!”

“राहा मग ताठ,” ती वैतागून म्हणाली आणि सायकलवर बसली.

उतारावर एकेका दगडाने त्याला उडवलं. वळणावर तर तो असा सटकला, की सायकल आणि द्वारका दोघीही करवंदीच्या जाळीत! तिचं कोपर रक्ताळलं. त्याला मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

टायरने ओशाळून मागे पाहिलं आणि तो थिजलाच. नागमोडी वाटेवर दोन्ही टायरांच्या खुणा वेगवेगळ्या उमटल्या होत्या. मागच्याची रेघ सलग होती. त्याची स्वतःची मात्र इथे बोटभर, तिथे बोटभर. ज्या वाटेवरून आपण एवढ्या ऐटीत धावलो, तिला आपण धड टेकलोही नव्हतो!

द्वारकाने सायकल उभी केली. टायर हळूच फिरला आणि हवेचं टोपण तिच्या हाताशी आणून थांबला.