विल्फ्रेडसाहेबांविरुद्ध अख्खा गाव

“तुम्ही इथे राहता, की नुसते उतरला आहात?” प्रांतसाहेब हुलुसी बे यांनी विल्फ्रेडसाहेबांचा अर्ज चाळत विचारलं.

तुर्कस्तानच्या समुद्रकाठी मावीकाया नावाचं एक गाव आहे; तिथे साहेबाला ‘बे’ म्हणतात. विल्फ्रेडसाहेब मूळचे इंग्लंडचे. पेन्शन सुरू झाल्यावर ऊन खायला म्हणून पत्नीसह इथे आले आणि इथलेच झाले. पुढे पत्नी वारली, तिला गावाबाहेरच्या टेकडीवर पुरलं. रोज सकाळी टेकडी चढायची, तिला आजचं हवामान सांगायचं आणि उतरायचं, हा त्यांचा नेम. ती हयात असतानाही त्यांचं संभाषण याहून फार पुढे जात नसे, पण तेवढं त्यांना पुरे असे.

आता राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. नेमका त्याच सुमारास घरमालकाने प्राण सोडला. त्याचे वारस एकमेकांची तोंडं पाहीनात, त्यामुळे नव्या भाडेपट्ट्यावर सही करायला माणूसच उरला नाही. पट्टा नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर देश सोडायचा, आणि देशाबरोबर टेकडीही.

“पट्टा नसला तरी साक्षीदार आहेत,” विल्फ्रेडसाहेब म्हणाले.

साक्षीदार आले. मासेवाला रेजेप म्हणाला, “असा सज्जन माणूस शोधून सापडणार नाही.” शेजारची सफियेआजी म्हणाली, “माणूस कसला, देवदूत आहे.” न्हावी म्हणाला, “यांच्या डोक्यावर केस नाहीत, तरी यांची हजामत करताना धन्य वाटतं.”

हुलुसी बे यांनी चहाचा पेला खाली ठेवला. “ही आरती झाली, साक्ष नव्हे. परक्याची अशी आरती करायची आपल्या लोकांना सवयच आहे. हा मनुष्य तुमच्यातला आहे, हे मला शुक्रवारपर्यंत पटवा. आणि पुन्हा कुणी गोड बोललं, तर अर्ज तिथल्या तिथे फेटाळीन.”

विल्फ्रेडसाहेब घरी येऊन खुर्चीत बसले. त्यांच्या घरी नेरिमान कामाला होती. स्वयंपाक, झाडलोट आणि साहेबांना शहाणपण शिकवणं, अशी तिची तीन कामं. पैकी तिसऱ्यात फार वेळ जाई.

“चांगलं बोलायचं नाही, आणि आपला आहे म्हणून पटवायचं,” विल्फ्रेडसाहेब हताशपणे म्हणाले. “नेरिमान, मी सामान बांधतो.”

“बांधा. तेवढाच हाताला व्यायाम,” नेरिमान म्हणाली आणि पायात चपला सरकवून बाहेर पडली.

संध्याकाळपर्यंत गावभर बातमी झाली, की विल्फ्रेडसाहेबांविरुद्ध कुणाची तक्रार असेल तर प्रांतसाहेब शुक्रवारी ऐकून घेणार आहेत. आणि बातमी पसरवत होती ती खुद्द साहेबांची नेरिमान! विल्फ्रेडसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना चहा कडू लागला.

“अगं, मी तुझं काय वाकडं केलं?”

“तेही शुक्रवारीच सांगेन.”

शुक्रवारी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सर्वांत आधी सफियेआजीने पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला.

“यांचं मांजर चोर आहे,” ती म्हणाली. “माझ्या ताटातली कोलंबी नेली. यांना सांगितलं तर म्हणतात, त्याला कोलंबी आवडत नाही. म्हणजे मी खोटारडी?”

“आणि माझ्याकडे मासा घेताना त्याचे डोळे तपासतात,” रेजेप उसळला. “जसा काही मासा यांना ओळख देणार आहे. वर म्हणतात, कालचा दिसतो.”

“कालचाच होता,” विल्फ्रेडसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

“पाहिलंत? भर कचेरीत!”

“तुझ्या तराजूबद्दल तर मी अजून बोललोच नाही, रेजेप.”

न्हावी पुढे सरसावला. म्हणाला, यांना केस नाहीत, तरी आरशात पाहून चूक काढतात. कुणी म्हणालं, सोंगट्या खेळताना हरले की फासे बदलून मागतात. नेरिमान म्हणाली, सांगून सांगून थकले, पण ओले बूट दाराबाहेर काढत नाहीत. विल्फ्रेडसाहेब प्रत्येकाला मावीकायाच्या ठसक्यात उलट उत्तर देत होते. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. अखेर शिपायाला दार लावून घ्यावं लागलं.

“पुरे,” हुलुसी बे म्हणाले. “एवढ्या तक्रारी असलेला माणूस मी गावात ठेवू? अर्ज—”

“एक विचारू का, बे?” नेरिमान म्हणाली. “आपल्या घरी पाहुण्याच्या हातून पेला फुटला, तर आपण काय म्हणता?”

“म्हणतो, बरं झालं, जुनाच होता.”

“आणि पाहुण्याच्या मांजराने कोलंबी पळवली तर?”

“म्हणतो, आमची कोलंबी भाग्याची.”

“मग सफियेआजीचे संस्कार काढायचेत, की या साहेबांना पाहुणा म्हणायचं सोडायचं? ते आपण ठरवा. या मुलखात पाहुण्याशी भांडलेला एक माणूस मला दाखवा, मी स्वतः यांना बोटीत बसवून देते. भांडायला, बे, शेजारीच लागतो.”

हुलुसी बे यांनी नेरिमानकडे पाहिलं, मग तावातावाने उभ्या असलेल्या रेजेपकडे, मग अजून मूठ आवळलेल्या विल्फ्रेडसाहेबांकडे. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते इतके हसले की शिपायाला दार पुन्हा उघडून वारा आत घ्यावा लागला.

परवान्यावर शिक्का बसला. नेरिमानला प्रांतसाहेबांनी आपल्या गोठ्यातल्या दोन दुभत्या शेळ्या बक्षीस दिल्या.

सोमवारी सकाळी, टेकडी उतरून, विल्फ्रेडसाहेब तडक कचेरीत हजर झाले. नेरिमानच्या शेळ्यांनी त्यांचे गुलाब मुळासकट खाल्ले होते, आणि रहिवासी या नात्याने त्यांना तक्रार नोंदवायची होती.