काठी खाली ठेवून मारलेली हाक

च्चक्.

जिभेचा एवढासाच आवाज. भिंतीवरची पाल चुकचुकते, त्याहून मोठा नव्हे. फार वर्षांपूर्वी गिधाडमाळावर सिधबा धनगरानं तो ऐकला, आणि चहूबाजूंच्या गवतातून कुत्री निघाली. न भुंकता आली आणि एका म्हातारीच्या पायाशी बसली.

ती म्हाकूबाई. तिच्या हातची कुत्री ज्या कळपाबरोबर असत, तिकडं लांडगा फिरकत नसे. असं म्हणतात, की ही जिभेची हाक ती एकदाच मारायची. दुसरी हाक तिच्या तोंडून कुणी ऐकली नाही.

सिधबा तिच्याकडं पिल्लू मागायला गेला होता. तिनं त्यालाच ठेवून घेतलं. गप बसायला लावलं, पिल्लाला हातानं भाकरी चारायला लावली, तो आवाज काढायला शिकवला. शेवटी सिधबा कंटाळला. पिल्लू तयार कधी व्हायचं, असं त्यानं विचारलं.

"पिल्लू कवाच झालंय," म्हाकूबाई म्हणाली. "तुझंच काय ते ऱ्हायलंय."

निघताना तिनं एकच गोष्ट बजावली. "हाकेला आलेल्या कुत्र्यावर हात उचलायचा न्हाई. मग त्यानं तुझं कोकरू खाल्लेलं का असंना."

पिल्लाचं नाव काजळ्या. मोठा झाला तसा तो सिधबाची सावलीच झाला. पण एक दिवस तो सशामागं धावला, मेंढरं उधळली आणि एक गाभण मेंढी कड्यावरून खाली गेली. सिधबानं हाक मारली. काजळ्या सगळं सोडून धापा टाकत आला, शेपूट हलवत पायाशी बसला. आणि सिधबानं त्याच्या पाठीत काठी घातली.

त्या दिवसापासून काजळ्या हाकेला यायचा, पण थोडा अलीकडं थांबायचा. भाकरी टाकून सिधबा मागं सरला की मगच खायचा. सिधबा चिडून त्याला घेऊन म्हाकूबाईकडं गेला आणि कुत्रं बिघडलं म्हणाला.

म्हातारीनं त्याची काठी घेतली, त्याच्या पायापासून कुत्र्याच्या दिशेनं जमिनीवर आडवी ठेवली. काठी संपली तिथून टीचभर पुढं काजळ्या बसला होता.

"बिघडलंय कुठं? तू शिकवलंस त्येवढं नीट शिकलंय. आता काठी खालीच ठेव आणि बलाव."

पण काठी खाली ठेवणं धनगराला कसं जमावं? काठी म्हणजे त्याचा तिसरा हात. सिधबा फणकाऱ्यानं माघारी आला.

मग थंडीतली ती पहाट आली. माळावर असं धुकं उतरलं, की मेंढरू दिसेना, नुसतं खोकणं ऐकू येई. सिधबाची लेक पुतळी एका कोकरामागं धुक्यात गेली. सिधबा हाका मारत ओढ्यात उतरला. पोर सापडली, एका खडकाला चिकटून उभी होती. रडत नव्हती. तिच्या मागं धुक्यात कुणीतरी श्वास घेत होतं.

मग डाव्या अंगाला वाळू करकरली. मग उजव्या. सिधबानं पोरीला पाठीशी घेतलं आणि काठी फिरवली. ती हवेतच फिरली. त्यानं आवाज काढला. धुक्यातून काजळ्या आला आणि थांबला. काठीच्या टोकापासून टीचभर लांब. तो थरथरत होता, कण्हत होता. लांडग्याला भीत नव्हता, धन्याला भीत होता.

सिधबा घाबरून पुन्हा पुन्हा बोलवत राहिला. काजळ्या हलेना. पुतळीनं त्याची बंडी घट्ट धरली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मागनं त्ये वास घ्यायलंय माझा."

तेव्हा सिधबाला म्हातारी आठवली. लांडग्यांच्या घोळक्यात, पोर पाठीशी असताना, त्यानं काठी वाळूत ठेवली. बोटं सुटता सुटेनात. रिकामे हात पुढं केले आणि एकदाच, हलके, जीभ टाळूला लावली.

च्चक्.

असं म्हणतात, की त्याच वेळी धुक्यात दुसरीकडूनही तसाच आवाज आला. काजळ्या त्याच्या हाताखालून वाऱ्यासारखा पुढं गेला. आणि असं म्हणतात, की त्या आवाजाला लांडगेसुद्धा खाली बसले.

ऊन आलं तेव्हा ओढ्यात लांडग्यांच्या बसण्याचे खळगे होते. काजळ्या पुतळीच्या पायाशी होता. सिधबा तसाच म्हाकूबाईकडं धावला. चूल गार होती. म्हातारी नव्हती, तिची कुत्रीही नव्हती. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. माळावरचा तिचा बसायचा खडक तेवढा राहिला.

आजही त्या माळावर कुणी पिल्लू वाढवलं, की ते मोठं झाल्यावर त्या खडकाशी आणतात. दोर सोडतात. धनी काठी म्हाकूबाईच्या खडकावर ठेवतो, लांब जाऊन उभा राहतो आणि एकदाच हाक मारतो. कुत्रं आलं तर त्याचं. नाही आलं तर दुसरी हाक मारायची नाही. बघायला जमलेली माणसंही हाक मारत नाहीत. कुत्रं दुसऱ्या कुणाच्या तरी पायाशी जाऊन बसतं. धनी थोडा वेळ रिकाम्या हातांकडं बघतो, काठी तिथंच ठेवतो, आणि माळ उतरून जातो.